मैना चुंगे

लग्नाच्या जेवणावळीत हल्ली एका कोपऱ्यात 'चायनीज'चं टेबल असतं. त्यामागे मोठ्या कढईशी झटणारा पोरगा बल्लारपूरचा नाहीतर वरोऱ्याचा असतो, आणि लाल रंगात बुडवलेले पत्ताकोबीचे गोळे तो मोठ्या आवेशानं उडवत असतो. यजमान माझ्या हाताला धरून मला तिथं नेतात. "बाई, तुम्ही चाखून सांगा, बरोबर जमलं का." मी एक गोळा तोंडात टाकते, सावकाश चावते आणि सांगते, "भजी चांगली झाली." यजमानांचा चेहरा पडतो. त्या पडलेल्या चेहऱ्याचा मला अजून कंटाळा आलेला नाही.

मी चीन पाहिलेला नाही. चंद्रपुरात मुलींच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवलं. संधी, समास, वृत्तं. माझ्या हाताखालून गेलेल्या मुली आज आज्या झाल्या आहेत. तरी मागे ती करोनाची साथ आली तेव्हा आमच्याच इमारतीतले एक डॉक्टर दारापासून लांब उभे राहून मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही जरा लोकांत मिसळणं टाळा. लोक घाबरतात." मी म्हटलं, "तुम्ही परवा विमानानं आलात. मी वर्षभरात वेशीवरच्या पडोलीच्या पुढे गेलेली नाही. कोणी कोणाला घाबरायचं?" तर म्हणाले, "तसं नाही हो." हे 'तसं नाही हो' माझ्या फार जुन्या ओळखीचं आहे. शिकलेल्या माणसाला उत्तर सापडलं नाही की तो ते दोन बोटांनी उचलून पुढे ठेवतो. मी ते पहिल्यांदा ऐकलं अहेरीला, शाळेत.

माझे बाबा सुतार. पोरवयात काकाचं बोट धरून कँटनकडच्या कुठल्याशा खेड्यातून बोटीनं कलकत्त्याला आले, तिथं चिनी मिस्त्रींच्या हाताखाली रंधा शिकले, तिथंच आईशी लग्न झालं. मग लाकडाचा एक ठेकेदार त्यांना 'थोड्या दिवसांसाठी' म्हणून अहेरीच्या बाजूला आपल्या आरा मशीनवर घेऊन आला. थोडे दिवस कधी संपले नाहीत. माझा जन्म इथलाच. गावात घर मात्र मिळेना. चिनी म्हणजे नेमकी कोणती जात, हे कोणालाच ठरवता येईना, आणि जात ठरल्याशिवाय आमच्या गावात माणसाला कोणी पाणीसुद्धा विचारत नसे. शेवटी आरा मशीनवर फळ्या रचायच्या कामाला असलेल्या शेवंताबाईनं आपल्या घराला लागून असलेली खोली दिली. वस्ती बौद्धांची, गावाच्या कडेला. तिला वाटलं होतं, आपल्याच धर्माचा माणूस आला. "भाऊ, तुमच्या देशात त सारे बुद्धाचेच ना?" तिनं विचारलं. बाबांनी मान हलवली. बाबा सगळ्यालाच मान हलवत. मग ती आमच्या खोलीत आली आणि भिंतीवरचा देव पाहून थबकली. लाल तोंडाचा, पोटापर्यंत दाढी, हातात भलं मोठं शस्त्र. "हा कोन?" बाबा म्हणाले, "ये भी भगवान. लडाईवाला." शेवंताबाई म्हणाली, "असू दे. आपला शांत आहे." दुसऱ्या दिवशी तिनं बुद्धाची एक तसबीर आणून त्या दाढीवाल्याच्या शेजारी लावली. दोघं शेजारी शेजारी सुखानं राहिले. गावातल्या माणसांना ते कधी जमलं नाही.

त्या घराचा आवाज म्हणजे आऱ्याचा आवाज. सकाळी भोंगा व्हायचा आणि मग दिवसभर ते करकरणं चालू. सागाचा ओंडका असला की आवाज जाड, बिजा असला की कडक. आरा थांबला की कान दुखायचे, इतकी त्याची सवय. भुसा मात्र घरात हवा तितका. आमची शेगडी भुशाची. मधोमध बाटली उभी धरायची, भोवती भुसा ठासून भरायचा आणि बाटली अलगद वर काढायची. ते काम माझं. भुसा सैल राहिला की विस्तव मधेच ढासळायचा आणि आई कलकत्त्याच्या हिंदीत, शेजाऱ्यांनाही कळावं म्हणून, माझा उद्धार करायची. माझ्याशी एरवी ती आमच्या चिनी बोलीत बोले. ते मी इथं मराठीतच लिहिते, कारण ती बोली लिहिता येणारं आता घरात कोणी उरलेलं नाही. पावसाळ्यात बाजारात वास्ते यायचे, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. आई ते चिरून पाण्यात आंबवायची. शेवंताबाईही तेच करायची. आई डुकराच्या चरबीत परतायची, शेवंताबाई सुकट घालायची, आणि दोन्ही वाट्या भिंतीवरून इकडच्या तिकडे जायच्या. मोहरीचा पाला मिठात मुरवलेली आईची बरणी मात्र कोणाला झेपायची नाही. "बाई, हे मेलं काय?" असं शेवंताबाई नाकाला पदर लावून विचारायची आणि तरी तापातून उठली की तोंडाला चव यावी म्हणून तेच मागायची.

शाळेत मात्र ठरलेलं होतं की आम्ही बेडूक खातो, साप खातो, आणि झुरळं तळून ठेवतो. हे मला सांगणारी मुलं कोण, तर ठेकेदाराची. त्यांच्या घरामागच्या उकिरड्यावर चितळाची हाडं कुत्री ओढत असत, हे सगळ्या गावाला माहीत होतं. पण चोरून खाल्लेलं चितळ हे बहुधा शाकाहारात मोडत असावं.

शाळेत नाव घालायला बाबा मला घेऊन गेले तेव्हाचं मला लख्ख आठवतं. हेडमास्तरांना सगळे बडे गुरुजी म्हणत. पांढरं धोतर, काळी टोपी आणि कपाळावर कायमची आठी. त्यांनी विचारलं, "मुलीचं नाव?" बाबा म्हणाले, "चुंग मेई-लिन." बडे गुरुजी म्हणाले, "हे नाव आहे की शिंक?" शेजारी बसलेले दोन मास्तर हसले. बाबाही हसले, त्यांना वाटलं, स्वागत चाललंय. मग बडे गुरुजींनी दौतीत टाक बुडवला आणि लिहिलं, मैना चुंगे. "हे कसं, माणसाचं नाव वाटतं," ते म्हणाले. बाबा म्हणाले, "जी साब." मुलांना तेवढं पुरलं. चुंगेची चुंगी झाली, आणि चुंगीचा चुंगीनाका, म्हणजे जकातनाका. मधल्या सुट्टीत पोरं दारात हात आडवे धरून उभी राहत, "चुंगी भरा, मंग जा," असं ओरडत, आणि ही विनोदबुद्धी वर्षानुवर्षं झिजली नाही. मूर्खपणा सागासारखा असतो. त्याला वाळवी लागत नाही.

एक कमल तेवढी मला नीट हाक मारायची. ती शेवंताबाईची मुलगी, माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर. त्या बाकावर तिसरं कोणी बसत नसे. त्याचं कारण आम्हा दोघींचं वेगवेगळं होतं आणि खरं म्हणजे एकच होतं. 'लिन' म्हणजे कमळ, हे मी तिला सांगितलं तेव्हा ती फार खूश झाली. "म्हंजे तू बी कमल, मी बी कमल," ती म्हणाली. "मंग या पोरायले सांगू नको. थे बी बिघडवून टाकतीन."

चीनशी सीमेवरची लढाई होऊन गेलेली होती. मला तिची आठवण नाही, पण ती संपली आहे हे आमच्या गावाला कोणी कळवलंच नव्हतं. आसामात बाबांचे थोरले भाऊ होते. त्यांना बायकापोरांसकट आगगाडीत घालून कुठल्याशा छावणीत नेलं, एवढंच कळलं आणि पुढे काही कळलं नाही. तेव्हापासून बाबा दर आठवड्याला ठाण्यात हजेरीला जात. परवानगीशिवाय गावाबाहेर पाऊल टाकायचं नाही, असा हुकूम होता. हजेरीला जाताना ते हत्यारांची पिशवी घेऊन जात, कारण ठाण्यात नेहमी काही ना काही मोडलेलं असे. कधी स्टुलाचा पाय, कधी खिडकीची झडप. बाबांचं जगण्याचं शास्त्र सोपं होतं. मान खाली, हात कामात, आणि तोंडात 'जी साब'. आई याला त्यांच्या तोंडावर 'खुर्चीचं शास्त्र' म्हणायची. "खुर्चीवर कोणी बसलं तरी खुर्ची काही म्हणत नाही," ती म्हणायची. बाबा त्यावरही मान हलवायचे.

मी तरी काय वेगळं करत होते? मीही खुर्चीच होते, फक्त कवितेची. वर्गात सगळ्यात आधी पाठांतर माझं, शुद्धलेखन माझं, हस्ताक्षर माझं. मला वाटायचं, मराठी यांच्यापेक्षा चांगलं आलं की हे मला आपलं म्हणतील. काय ही आशा! ज्यांना स्वतःचीच भाषा धड बोलता येत नाही, ते तुमची भाषा चांगली आहे म्हणून तुम्हाला जवळ करतील?

एका वर्षी स्नेहसंमेलनात बडे गुरुजींनी स्वतः लिहिलेलं नाटक बसलं. नाव 'बर्फातला वाघ'. त्यात बर्फ नव्हता, वाघ नव्हता, आणि नाटकही नव्हतं. भारतमाता साखळदंडात उभी, शत्रू येतो, आपले वीर त्याला मारतात, साखळदंड तुटतात, समूहगीत. वीर म्हणून ठेकेदाराचा मुलगा आणि त्याचे सवंगडी. भारतमाता म्हणून एका साहेबांची गोरी मुलगी. कमलनं मोठ्या आशेनं विचारलं, "गुरुजी, मी?" गुरुजी म्हणाले, "तू पडद्याचा दोर धर." आणि मग माझ्याकडे पाहून त्यांचा चेहरा असा उजळला, जसा माझ्या कोणत्याही पाठांतरानं कधी उजळला नव्हता. "मैना," ते म्हणाले, "शत्रू तू. रंगरंगोटीचा खर्च वाचला."

सांगायला हरकत नाही, मला आनंद झाला. चीनची अख्खी फौज म्हणजे मी एकटी. ओठावर सुतळीची मिशी, डोक्यावर कोणाच्या तरी बापाची खाकी टोपी. मी विचारलं, "गुरुजी, मला वाक्यं कोणती?" ते म्हणाले, "तुमच्या भाषेत काहीही बोल. भेसूर वाटलं म्हणजे झालं." म्हणून तालमीत मी डोळे वटारून आमच्या बोलीत ओरडायची, "भात उतू चाललाय! झाकण काढ! विस्तव कमी कर!" बडे गुरुजी खुर्चीच्या हातावर थाप मारून म्हणायचे, "वा! कसं क्रूर वाटतं!"

बंदुका हव्या होत्या. अर्थात बाबांना सांगितलं गेलं, आणि अर्थात बाबा म्हणाले, "जी साब." मशीनवरचे सागाचे तुकडे आणून ते अंगणात बसून बंदुका करू लागले. नळ्या गोल घासल्या, दस्ते तासले, तेलाचा हात दिला. पुढे टोकदार पातं बसवलेल्या त्या बंदुका इतक्या देखण्या झाल्या की वस्तीतली माणसं बघायला आली. तालमीत वीर त्या माझ्या फासळ्यांत खुपसायचे. ठेकेदाराच्या मुलाला खोटं खुपसता येत नसे, किंवा खुपसायचं नसे. मी गुरुजींना सांगितलं, "गुरुजी, खरंच लागतं." ते म्हणाले, "लढाईत लागतंच." मी म्हटलं, "म्हणजे तो मुद्दाम मारतो." ते म्हणाले, "तसं नाही गं."

आईला ते अंघोळीच्या वेळी दिसलं. डाव्या कुशीवर काळेनिळे वळ. तिनं तांब्या खाली ठेवला आणि विचारलं, "कोणी?" मी सांगितलं. ती ओल्या हातानं तशीच अंगणात गेली. बाबा शेवटच्या बंदुकीला तेल लावत होते.

"पोरीला मारायची हत्यारं पोरीचा बापच करतो," आई म्हणाली. "असा मुलूख मी नाही पाहिला. आणि असा बापही."

"नाटक आहे," बाबा म्हणाले. "मुलांचा खेळ. नाही म्हटलं तर लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणतात ते तुला कळतं तरी का? ते तुला शिव्या देतात आणि तू त्यांना स्टुलं देतोस."

मला आठवतं, बाबांनी त्या बंदुकीचं टोक कानशीनं घासून बोथट केलं, मग बाकीच्याही बंदुका मागवून घेतल्या आणि त्यांचीही टोकं घासली. त्यांच्या शास्त्रात एवढंच बसत होतं.

संमेलनाला सगळं गाव लोटलं होतं. पुढे खुर्च्यांवर ठाणेदार, ठेकेदार आणि तालुक्याचे साहेब. मागे जमिनीवर बाजाराला आलेली आणि नाटक आहे म्हणून मुक्कामाला थांबलेली माणसं, मशीनवरचे मजूर, शेवंताबाई आणि वस्तीतल्या बायका. अगदी शेवटी, रंगमंचाची फळी कुठे वाजली तर धावता यावं म्हणून पिशवी घेऊन उभे असलेले बाबा. आई आली नाही. "माझ्या मुलीला मारताना बघायला मी तिकीट काढणार नाही," ती म्हणाली, आणि तिकीट नव्हतंच.

मी आत शिरले, मिशी सावरली, भात उतू चाललाय म्हणून ओरडले. लोकांनी 'मारा! मारा!' असा गलका केला. वीर धावून आले. ठेकेदाराच्या मुलानं बंदूक उलटी धरली, कारण टोक बोथट झालेलं त्याला कळलं होतं, आणि दस्त्याचा घाव नेमका जुन्या वळावर घातला. माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. आता पडायचं होतं. मी पडणारच होते. गुडघे वाकलेही होते. पण खाली पाहिलं तर पहिल्या रांगेतले सगळे हसत होते. नाटकाला हसत असते तर मी पडले असते. ते मला लागलं म्हणून हसत होते. मी त्या बंदुकीला दोन्ही हातांनी धरलं आणि उभी राहिले.

विंगेतून बडे गुरुजी कुजबुजले, "मर."

मी उभीच.

"मैना, मर ना! मर लवकर!"

"मी नाई मरत," मी म्हटलं. मोठ्यानं, आणि आमच्या वस्तीच्या बोलीत. शुद्ध मराठी त्या क्षणी कुठं गेलं कोण जाणे.

ठेकेदाराचा मुलगा गडबडला. त्यानं तोंडानं 'ठो, ठो' केलं. मी बंदूक त्याच्या हातातून ओढून घेतली. "काऊन मरू?" मी म्हटलं. "इतकी हौस आहे त तूच मर."

मागे जमिनीवर बसलेली माणसं अशी हसली की कंदील हलले. तो पोरगा खरंच रडू लागला. भारतमाता साखळदंडात अडकून उभी. शत्रू मेल्याशिवाय तिला सुटायचं नव्हतं, म्हणून तिनंही सूर लावला. बडे गुरुजी दुसऱ्या विंगेकडे ओरडले, "कमल, पडदा पाड!"

कमल दोराच्या वेटोळ्यावर मांडी घालून बसली होती. मला ती तिथून स्वच्छ दिसत होती. ती म्हणाली, "गुरुजी, दोर अटकला."

"पाड म्हणतो ना!"

"अटकला ना जी. मी काय करू?"

शेवटी बडे गुरुजी स्वतःच धोतर सावरत रंगमंचावर धावले. लोकांना वाटलं हे नवं पात्र. त्यांनी शिट्ट्या वाजवल्या. आणि सगळ्यात मागे बाबा डोक्यावर हात नेऊन टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, नाटक असंच आहे. घरी जाताना मला म्हणाले, "चांगलं लिहिलंय गुरुजींनी. मला वाटलं होतं तुला मारतात म्हणून." त्यांना खरं सांगायचं धैर्य मला झालं नाही.

ते धैर्य सकाळी शिपायानं दाखवलं. "मिस्तरी, पोरीले घेऊन ठाण्यात चला." आईचा चेहरा पांढरा पडला. आसामातले काका तिच्या डोळ्यांपुढे आले असणार. तिनं माझ्या अंगावर दोन फ्रॉक चढवले, एकावर एक. का, ते मी विचारलं नाही.

ठाण्यात बडे गुरुजी हातांच्या खुर्चीत बसले होते. आम्ही उभे. "साहेब, हा देशाचा अपमान आहे," ते म्हणत होते. "शत्रूनं मरायला नकार दिला."

ठाणेदाराला रात्रीचं हसू अजून आवरत नव्हतं, पण गुरुजींसमोर त्यानं आवाज चढवला. "मिस्तरी! तेरेको मालूम है, तेरी लडकी स्टेज पे क्या बोली?"

बाबा माझ्याकडे वळले. आमच्या बोलीत हळूच विचारलं, "ते नाटकात नव्हतं?"

"नव्हतं," मी म्हटलं.

"मग तू काय म्हणालीस?"

मी सांगितलं. मी मरणार नाही, असं म्हणाले. का, तेही सांगितलं. फ्रॉक वर करून कूस दाखवायला लागले तर त्यांनी माझा हात धरून थांबवला. मला वाटलं, आता 'जी साब' येणार आणि मला गुरुजींच्या पायांवर घालणार.

"साब," बाबा म्हणाले, "लडकी बोली, मरेगी नहीं."

"हां. तो?"

"ठीक बोली."

बडे गुरुजी खुर्चीतून उठले. "बघा! बघा, साहेब!"

"मिस्तरी, सोच के बोल," ठाणेदार म्हणाला. आता तो हसत नव्हता.

"सोचा, साब. मेरा लडकी है. कोई बोलेगा, मर, तो नहीं मरेगी. ठीक बोली."

ठाणेदारानं बाबांकडे नवा माणूस पाहावा तसं पाहिलं, आणि गुरुजींचं समाधान व्हावं म्हणून हुकूम सोडला की आता हजेरी आठवड्याला नाही, रोज. आणि लाकूड निवडायला जंगलात जायची परवानगीही बंद. गुरुजींनी याला न्याय म्हटलं असावं. त्या दुपारी आईनं माशाचं डोकं बाबांच्या ताटात वाढलं. आमच्यात ते घरातल्या मानाच्या माणसाला वाढतात. तोवर ते आई स्वतः खायची.

शाळेनं सांगितलं, दोघींनी प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर माफी मागायची, नाहीतर नाव कमी. दोघींनी, कारण दोर अडकला नव्हता हे गुरुजींना उमगलं होतं. तेवढी बुद्धी त्यांना होती. शेवंताबाई कामावरून तशीच, केसांत भुसा घेऊन शाळेत गेली. आम्ही दोघी तिच्या मागे.

"तुमच्या मुलीनं मुद्दाम पडदा पाडला नाही," बडे गुरुजी म्हणाले.

"नसंन पाडला," शेवंताबाई म्हणाली. "वरते तुमी पोरीले मारून राह्यले, अन् थे पडदा पाडून झाकाचं होतं काय? माफी कायची मागाची? दोर धर म्हनलं, तिनं धरला."

"तुम्हाला यातलं कळत नाही, बाई."

"नाई कळत," ती म्हणाली. "म्हनून त पोरीले शाळेत धाडलं होतं. पन इथी त तुमालेच कळत नाई."

नावं कमी झाली. संध्याकाळी एक अजब गोष्ट घडली. वस्तीची विहीर सोडून कोणाच्या दारात कधीही न गेलेली, वस्तीतल्या सगळ्यांना नावं ठेवणारी माझी आई भिंतीपलीकडे शेवंताबाईच्या घरात गेली आणि चुलीपाशी बसली. दोघींना एकमेकींची भाषा जेमतेम येत होती. तरी उठल्या तेव्हा ठरलं होतं. शेवंताबाईचा भाऊ चंद्रपुरात मास्तर होता. त्याच्या शाळेला मुलींचं वसतिगृह होतं. दोघींना तिथं पाठवायचं. आई मला म्हणाली, "तिथंही असलेच लोक असतील. पण शहरात मूर्ख जास्त असतात, म्हणून एकाच माणसाच्या वाट्याला कमी येतात." हे तिचं एकमेव भाकीत आहे, जे पूर्णपणे खरं ठरलं.

पोचवायला यायची परवानगी बाबांनी मागितली, ती मिळाली नाही. शेवंताबाई आमच्याबरोबर येणार होती. सकाळच्या एसटीला आईनं पळसाच्या पानांत बांधलेला भात दिला, वर त्या बरणीतला मोहरीचा पाला, ज्याच्या वासानं शेजारचा प्रवासी उठून मागे गेला. आम्ही बसलो ती फळी खिळखिळी होती. टेकलं की एका बाजूनं उठायची आणि एक खिळा वर डोकावायचा. बाबांनी ते खिडकीतून पाहिलं. ते गाडीत चढले, आम्हाला उठवलं, पिशवी उघडली आणि गुडघ्यांवर बसले.

कंडक्टरनं घंटी वाजवली. "ओ मिस्तरी, उतरा! टाइम झाला."

बाबांनी जुना खिळा उपटला. फळी उचलून खालची पट्टी चाचपली, ती कुजली होती. पिशवीतून दुसरा तुकडा काढून मापाला लावला. माणसं कुरकुरू लागली. कोणाला कचेरीत पोचायचं होतं, कोणाची कोंबडी टोपलीत फडफडत होती. ड्रायव्हरनं हॉर्न दाबून धरला. मी बाबांकडे पाहत होते. आता ते सगळं टाकून, सगळ्यांना हात जोडत, घाईघाईनं उतरतील, याची मला खात्री होती. ठाण्यातली ती एक सकाळ सोडली तर जन्मभर मी त्यांना दुसऱ्यांसाठी वाटेतून बाजूला होतानाच पाहिलं होतं.

कंडक्टर डोक्यावर येऊन उभा राहिला. "किती टाइम लावता? पूरी गाडी थांबून राह्यली ना तुमच्यासाठी!"

बाबांनी ओठांत धरलेले स्क्रू काढून तळहातावर घेतले. वर पाहिलंसुद्धा नाही.

"जितना लगता," ते म्हणाले, "उतना लगेगा."

मग त्यांनी स्क्रू पुन्हा ओठांत धरले, एक निवडला आणि सावकाश फिरवायला लागले. थोड्या वेळानं ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.